सीओपीडीच्या रुग्णाला स्लीप अ‍ॅप्निया असेल तर : तपासणी, मशीन आणि घरची तयारी

माझ्या सासऱ्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो. तरुणपणी ते लालबागच्या एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यांची नोकरी गेली ती गेलीच, आणि पुढची चोवीस वर्षे त्यांनी वेगवेगळ्या इमारतींवर रात्रपाळीची वॉचमनकी केली. कापसाची धूळ आणि बिडी या दोहोंनी मिळून फुप्फुसे खराब केली आणि साठीच्या आतच सीओपीडीचे, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे निदान झाले. पुढे दिवसा पेपर वाचता वाचता त्यांची मान खाली पडू लागली, रात्रीचे घोरणे चाळीच्या गॅलरीपर्यंत ऐकू येऊ लागले, तेव्हा जन्मभर रात्रपाळी केलेल्या माणसाची झोप अशीच असणार, असे आम्ही सगळे धरून चाललो. त्यांना सीओपीडीबरोबर स्लीप अ‍ॅप्नियाही आहे, म्हणजे झोपेत त्यांचा श्वास वारंवार अडकतो, हे कळायला तीन वर्षे गेली, आणि त्यांतले सात महिने तर आम्ही चुकीच्या उपचारात घालवले.

तुमच्या घरी दम्याचा, सीओपीडीचा किंवा फुप्फुसांच्या दुसऱ्या कोणत्या जुनाट आजाराचा रुग्ण असेल आणि तो झोपेत घोरत, गुदमरत असेल, तर आमच्या वाट्याला आलेला गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. औषधाचा डोस, ऑक्सिजनचे लिटर आणि मशीनचे प्रेशर हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. त्यांना कोणता प्रश्न केव्हा विचारायचा, हे मात्र घरच्यांना माहीत असले पाहिजे.

१. दोन आजार एकत्र आले की काय होते, ते आधी समजून घ्या

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, छाती हालत राहते पण हवा आत जात नाही, आणि काही वेळाने माणूस दचकून श्वास घेतो. हा स्लीप अ‍ॅप्निया. निरोगी फुप्फुसांच्या माणसाचा ऑक्सिजन अशा वेळी खाली जातो आणि श्वास सुरू झाला की पुन्हा वर येतो. सीओपीडीच्या रुग्णाचे तसे होत नाही. त्याची सुरुवातच ९१-९२ टक्क्यांवरून होत असते, आणि या पातळीच्या खाली ऑक्सिजन हळूहळू न उतरता घसरगुंडीवरून घसरावा तसा घसरतो. एक श्वास अडकल्यावर झालेली घट भरून निघायच्या आत दुसरा श्वास अडकतो.

यात आणखी एक भर पडते. सीओपीडीत फुप्फुसे फुगलेली राहतात, त्यामुळे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) चपटे होऊन त्याची ताकद कमी होते, आणि रुग्ण मानेच्या व बरगड्यांच्या स्नायूंच्या आधाराने श्वास ओढत असतो. ज्या झोपेत स्वप्ने पडतात त्या झोपेत हे मदतीचे स्नायू जवळपास काम थांबवतात. त्यामुळे पहाटेच्या सुमाराला, जेव्हा अशी झोप जास्त असते, तेव्हा श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड शरीरातच साठत जातो. सकाळी डोके जड होणे, दुखणे, माणूस भांबावल्यासारखा होणे, ही त्याची खूण असते.

सीओपीडी आणि स्लीप अ‍ॅप्निया एकाच रुग्णात असण्याला डॉक्टर ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ म्हणतात. एडिंबरोचे डॉ. डेव्हिड फ्लेन्ली यांनी १९८५ मध्ये हे नाव रूढ केले. या रुग्णांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येण्याचा धोका एकट्या आजारापेक्षा अधिक असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात, अ‍ॅप्नियावर उपचार न घेतलेल्या ओव्हरलॅपच्या रुग्णांत मृत्यूचे आणि सीओपीडी बळावून भरती होण्याचे प्रमाण जास्त दिसले होते. सीपॅप मशीन (नाकावाटे दाबाने हवा सोडणारे यंत्र, त्याविषयी पुढे) वापरणाऱ्यांत ते कमी होते. म्हणून ‘दम आहेच, त्यात घोरण्याचे काय एवढे’ असे म्हणून हा विषय सोडून देऊ नका.

२. रात्री जागून पाहा आणि लिहून ठेवा

हा आजार रुग्णाला स्वतःला दिसत नाही, शेजारी झोपणाऱ्याला दिसतो. आमच्याकडे तो सासूबाईंनी ओळखला. त्यांना अपरात्री जाग यायची तेव्हा त्या उशाखालची जपमाळ हातात घेत, आणि अण्णांचे घोरणे एकदम थांबले की त्यांचा जपही थांबायचा व त्या नुसते मणी ओढू लागायच्या. ‘बावीस मणी झाले की श्वास येतो, कधी कधी तीस होतात,’ असे त्यांनी मला सांगितले. एका मण्याला एक सेकंद धरला तरी ते फार होते, कारण दहा सेकंदांचा खंडसुद्धा वैद्यकीय मोजणीत धरला जातो. डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी ते शब्दशः केसपेपरवर लिहून घेतले.

तुम्ही दोन-तीन रात्री मोबाइलवर पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ घ्या. पांघरूण छातीखाली सरकवा, म्हणजे छाती हालते आहे पण घोरण्याचा आवाज नाही, हे चित्रात स्पष्ट दिसेल. त्याच्या जोडीला या गोष्टी वहीत लिहा : रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते, सकाळी डोके दुखते का, तोंड कोरडे पडते का, दिवसा बसल्या जागी झोप लागते का, पायांवर सूज आहे का. दिवसाच्या झोपेसाठी एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली असते. तिचे २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण आले तर ती झोप नेहमीची नव्हे. मात्र गुण कमी आले म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण फुप्फुसांचे रुग्ण थकव्याला झोप म्हणतच नाहीत.

इथे दोन गैरसमज आड येतात. पहिला असा की हा आजार जाड माणसांचाच असतो. वजन आणि मानेचा घेर वाढला की धोका वाढतो हे खरे, पण अण्णा अंगाने किरकोळ आहेत. दुसरा असा की दिवसा बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९३ दाखवतो, म्हणजे सारे ठीक आहे. दिवसाच्या आकड्यावरून रात्रीचे खात्रीने सांगता येत नाही.

जुन्या रिपोर्टांतही धागेदोरे असतात. हिमोग्लोबिन विनाकारण वाढलेले असेल, किंवा रक्तातले बायकार्बोनेट २७ पेक्षा जास्त असेल, तर त्यावर खूण करून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बायकार्बोनेट वाढण्याचे एक कारण शरीरात दीर्घकाळ साठणारा कार्बन डायऑक्साइड हे असते. आमच्या फाइलमध्ये तो आकडा दोन वर्षे पडून होता.

३. कोणाकडे जायचे आणि सोबत काय न्यायचे

घोरणे म्हटले की लोक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातात. फुप्फुसांचा आजार आधीच असेल तर सुरुवात छातीच्या डॉक्टरांपासून, म्हणजे श्वसनविकारतज्ज्ञांपासून करा, आणि ते झोपेच्या आजारांचेही रुग्ण पाहतात का, हे वेळ घेतानाच विचारा. परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर ही महापालिकेची रुग्णालये आणि भायखळ्याचे सरकारी जे. जे. येथे श्वसनविकार विभाग आहेत. ओपीडीचे वार आणि स्लीप स्टडीच्या (रात्रभराच्या झोपेच्या तपासणीच्या) तारखा मिळायला किती दिवस लागतात, हे आधी एक चक्कर मारून विचारून या. दम लागणाऱ्या माणसाला नुसत्या चौकशीसाठी लोकलने नेऊ नका.

फाइलमध्ये हे असू द्या :

- आधार कार्ड, रेशन कार्ड आणि असल्यास विमा पॉलिसी किंवा सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) कार्ड
- स्पायरोमेट्रीचे (नळीत फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीचे) सर्व रिपोर्ट, जुना आणि नवा दोन्ही
- छातीचा एक्स-रे, सीटी स्कॅन झाला असेल तर त्याच्या फिल्म
- टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट
- सीबीसी, इलेक्ट्रोलाइट, थायरॉइड यांचे अलीकडचे रिपोर्ट
- याआधीच्या प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड
- चालू औषधांची यादी, त्यात झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधे आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा
- इनहेलर प्रत्यक्ष, नुसते नाव नव्हे
- व्हिडिओ असलेला मोबाइल आणि तुमची वही

झोपेच्या गोळीचे नाव लपवू नका. अनेक घरांत ‘रात्री झोप लागत नाही’ म्हणून ओळखीच्या केमिस्टकडून अशी गोळी आणलेली असते. यांतल्या बऱ्याच गोळ्या श्वासाची प्रेरणा मंद करतात आणि घशाचे स्नायू आणखी सैल करतात. दारूही हेच करते.

४. रात्रीचा ऑक्सिजन सुरू करण्याआधी कार्बन डायऑक्साइड तपासून घ्या

आमची सर्वांत मोठी चूक इथे झाली. अण्णांचा ऑक्सिजन रात्री ७९ वर गेलेला आम्ही ऑक्सिमीटरवर पाहिला आणि घाबरून जवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. तिथे कोणतीही पुढची तपासणी न करता ‘रात्री तीन लिटर ऑक्सिजन लावा’ असे सांगण्यात आले. आम्ही कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) भाड्याने आणला. आकडा ९६ दिसू लागला आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले.

पण सकाळी अण्णांचे डोके दुखायचे. हळूहळू ते उठल्यावर तासभर बोलेनासे झाले. एके दिवशी सकाळी ते सदऱ्याची बटणे लावत बसले होते, आणि दहा मिनिटांनी मी पाहिले तर पहिलेच बटण त्यांच्या बोटांत होते. ते त्याकडे असे पाहत होते, की जणू ते कशासाठी असते हेच त्यांना आठवत नव्हते. त्या दिवशी आम्ही त्यांना मोठ्या रुग्णालयात नेले. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) केली तेव्हा कार्बन डायऑक्साइड ६८ निघाला. तो ३५ ते ४५ च्या दरम्यान असायला हवा.

याचे कारण तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. नुसत्या ऑक्सिजनने आकडा सुधारतो, पण घशाची बंद होणारी वाट उघडत नाही. उलट ऑक्सिजन भरपूर मिळाल्यामुळे श्वास अडकण्याचे खंड लांबू शकतात, आणि सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो. म्हणूनच ज्यांना हा धोका असतो अशा रुग्णांसाठी ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्के राखावी, असे सांगितले जाते. ९८ दिसणे ही अशा रुग्णाच्या बाबतीत आनंदाची बातमी नसते.

तेव्हा कोणी रात्रीचा ऑक्सिजन सुचवला तर तीन प्रश्न विचारा : एबीजी केव्हा करायची, अ‍ॅप्निया आहे का हे तपासले आहे का, आणि पातळी किती राखायची. त्याचबरोबर, डॉक्टरांनी तपासून दिलेला ऑक्सिजन हे वाचून परस्पर बंद करू नका. तोही तितकाच घातक प्रकार होईल. एबीजीची सुई साध्या रक्ततपासणीपेक्षा दुखते, हे रुग्णाला आधी सांगा, म्हणजे तो हात मागे ओढणार नाही.

५. स्लीप स्टडी घरी नको, शक्यतो रुग्णालयात करा

जाहिरातींत ‘घरबसल्या स्लीप टेस्ट’ दिसते. एक माणूस छोटे यंत्र लावून जातो आणि सकाळी घेऊन जातो. फुप्फुसे आणि हृदय निरोगी असलेल्या, घोरणाऱ्या माणसासाठी ती पुरेशी असू शकते. फुप्फुसांचा आजार बऱ्यापैकी असलेल्या रुग्णासाठी रुग्णालयात, तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली होणारी पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी (झोप, श्वास आणि ऑक्सिजन यांची रात्रभर एकत्र नोंद) करावी, असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घरच्या यंत्राला रुग्ण प्रत्यक्ष झोपला किती हे कळत नाही, आणि ऑक्सिजन घशामुळे पडला की उथळ श्वासामुळे, हेही त्यातून नीट उलगडत नाही. तारीख घेताना ‘रात्रभर कार्बन डायऑक्साइडही मोजणार का’ हे अवश्य विचारा, कारण सगळीकडे तो मोजत नाहीत.

तपासणीच्या दिवशी डोक्याला खोबरेल तेल लावू नका. डोक्याच्या त्वचेवर तारा चिकटवायच्या असतात आणि तेलावर त्या टिकत नाहीत. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुऊन घ्या. दुपारची झोप टाळा आणि दुपारनंतर चहा-कॉफी घेऊ नका. इनहेलर आणि नेहमीची औषधे मात्र चुकवायची नाहीत. स्वतःची उशी, पुढून उघडणारा सैल सदरा आणि रात्री लागला तर वापरायचा इनहेलर बरोबर न्या. डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी आणि पाय यांना तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाला नळी आणि बोटाला चिमटा असा सगळा थाट असतो. अण्णा म्हणाले, ‘एवढे बांधल्यावर कोण झोपतो?’ पण ते झोपले. थोडी झोपही तपासणीला पुष्कळ असते.

रुग्ण आधीच ऑक्सिजनवर असेल तर स्टडी ऑक्सिजनसह करायची की त्याविना, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला ते माहीत असेलच असे नाही.

६. रिपोर्टमधले चार आकडे

एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडकला किंवा बराच उथळ झाला, त्याची सरासरी. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. अण्णांचा ३८ होता. दुसरा आकडा ऑक्सिजनची सर्वांत कमी पातळी. तिसरा, ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती वेळ गेला. सीओपीडीच्या रुग्णात हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण एएचआय सौम्य असूनही अर्धी रात्र ऑक्सिजन खाली असलेले रुग्ण असतात. चौथा, कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजनच्या आलेखात करवतीच्या दात्यांसारखी चढउतार असेल तर श्वास वारंवार अडकत असण्याची शक्यता दिसते, आणि पातळी बराच वेळ सपाट खाली राहिली असेल तर फुप्फुसांचा वाटा मोठा असू शकतो. ओव्हरलॅपमध्ये अनेकदा दोन्ही दिसते.

७. सीपॅप की बायपॅप : टायट्रेशनशिवाय ठरवू देऊ नका

सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेली सीपॅपची कल्पना साधी आहे : नाकावाटे सतत एका दाबाने हवा सोडायची, म्हणजे घशाची वाट आतून उघडी राहते. बायपॅपमध्ये श्वास घेताना दाब जास्त आणि सोडताना कमी असतो; दोन दाबांतल्या फरकामुळे श्वास खोल होतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला मदत होते. साधारणपणे दिवसा कार्बन डायऑक्साइड वाढलेला नसेल तर डॉक्टर सीपॅपने सुरुवात करतात. वाढलेला असेल तर बायपॅपचा विचार करतात.

किती दाब लागेल, हे शोधण्यासाठी आणखी एक रात्र रुग्णालयात झोपून मशीन लावून पाहावे लागते. तिला टायट्रेशन म्हणतात. पैसे वाचावेत म्हणून ही रात्र टाळण्याचा मोह होतो, आणि दुकानदारही ‘ऑटो मशीन घ्या, ते आपोआप प्रेशर ठरवते’ असे सांगतो. ऑटो मशीन घशाचा अडथळा ओळखते. साठणारा कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. सीओपीडी बऱ्यापैकी असलेल्या किंवा श्वास उथळ होणाऱ्या रुग्णाला ते परस्पर घरी लावून देणे योग्य मानले जात नाही. आमच्याकडे टायट्रेशनच्या रात्री सीपॅपवर अण्णांचे घोरणे थांबले, पण ऑक्सिजन ८४ च्या वर येईना; पहाटे तंत्रज्ञाने बायपॅप लावला तेव्हा तो वर आला. ती एक रात्र झाली नसती तर आम्ही चुकीचे मशीन घरी आणून सहा महिने त्यावर विश्वास ठेवला असता.

फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील, किंवा पूर्वी फुप्फुस फाटून छातीत हवा शिरली असेल, तर हे टायट्रेशनच्या आधी स्पष्टपणे सांगा. दाबाच्या हवेचा निर्णय अशा रुग्णात फार जपून घ्यावा लागतो.

८. मशीन घेताना

पहिला महिना भाड्याने घ्या. भाडे किमतीतून वजा करून देणारे विक्रेते मिळतात, तसे आधीच लेखी ठरवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मशीनचा प्रकार, दाब, मास्कचा प्रकार आणि ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी पाण्याची टाकी) हवा की नको हे सर्व असले पाहिजे, आणि विक्रेत्याच्या माणसाने ते आकडे मशीनमध्ये भरल्यावर ते चिठ्ठीशी ताडून पाहा. रोजच्या वापराची नोंद मशीनमध्ये साठते का आणि ती डॉक्टरांना दाखवता येते का, हे विचारा. नोंद न ठेवणारे स्वस्त मशीन घेऊ नका.

जुने मशीन विकत किंवा कोणाच्या घरून फुकट मिळत असेल तर त्याचा मॉडेल आणि सिरीयल क्रमांक आधी तपासा. आतला ध्वनिरोधक फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात, या कारणाने फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली अनेक सीपॅप आणि बायपॅप मशीन परत मागवली होती. जुन्या मशीनचा मास्क आणि नळी तर वापरूच नये.

विम्याबाबत आधीच समजून घ्या. केवळ तपासणीसाठी झालेली भरती बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते, त्यामुळे स्लीप स्टडीच्या रात्रीचा दावा नामंजूर होऊ शकतो. घरी वापरायच्या मशीनचा खर्चही सहसा मिळत नाही. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएसमधून मशीनचा खर्च मिळू शकतो, पण त्यासाठी खरेदीच्या आधी परवानगी घ्यावी लागते. बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि स्लीप स्टडीचा रिपोर्ट यांच्या तीन-तीन प्रती काढून ठेवा.

९. मास्क आणि पहिले पंधरा दिवस

बहुतेक लोक मशीन सोडतात ते मास्कमुळे. अण्णांना पहिल्या रात्री मास्क लावताच कोणी तोंड दाबून धरल्यासारखे वाटले आणि त्यांनी तो ओढून फेकला. दम लागणाऱ्या माणसाची ही भीती खरी असते, तिच्यावर रागावू नका. आम्ही पुढचे चार दिवस रात्री मास्क लावलाच नाही. दुपारी ते खुर्चीत बसलेले असताना, बातम्या पाहता पाहता, आधी मास्क नुसता हाताने नाकाशी धरायचा, मग पट्टे न लावता मशीन सुरू करायचे, मग पट्टे लावून वीस मिनिटे. पाचव्या दिवशी ते मास्क लावून खुर्चीतच झोपले. हे सगळे डॉक्टरांना विचारूनच केले.

मास्क नाकावरचा, नाकपुड्यांतला किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा असतो. तोंडाने श्वास घेणाऱ्याला तिसरा लागतो. मास्क झोपलेल्या स्थितीत लावून मापून घ्या, कारण आडवे झाल्यावर गाल सरकतात. दातांची कवळी रात्री काढत असाल तर कवळी काढूनच माप द्या; आमचा पहिला मास्क याच कारणाने गळत होता. मिशा दाट असतील तर कडेने हवा सुटते. हवा सुटते म्हणून पट्टे आवळत जाऊ नका, नाकाच्या हाडावर जखम होते. गळती थांबत नसेल तर मास्कचा आकार बदलून घ्या.

नाक चोंदत असेल तर झोपण्याआधी मिठाच्या पाण्याच्या स्प्रेने साफ करावे. पोटात हवा जाऊन गुबारा धरत असेल तर ते सहन करत बसू नका, डॉक्टरांना सांगा. रात्री किमान चार तास वापर हा मोजणीचा प्रचलित निकष आहे, पण पहाटेची झोप सर्वांत धोक्याची असल्यामुळे लघवीला उठल्यानंतर मास्क पुन्हा लावायला विसरू नये.

१०. मुंबईच्या लहान घरात मशीन कुठे आणि कसे ठेवावे

मशीन रुग्णाच्या डोक्यापेक्षा खाली असावे, म्हणजे नळीत जमलेले पाणी नाकाकडे येणार नाही. पण जमिनीवर ठेवले तर ते केर ओढते. आमची खोली दहा बाय बाराची. आम्ही अण्णांना लोखंडी खाटेवर झोपवले आणि मशीन खाटेच्या बाजूला लाकडी पाटावर ठेवले. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांनी रुग्णाखाली तरी एक जाड गादी वाढवावी.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला आणि उरलेले पाणी रोज सकाळी ओता. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की आर्द्रतेचा आकडा कमी करावा लागतो. मास्कची उशी (चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग) रोज सौम्य साबणाने धुवावी, नळी आणि पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा, सावलीत वाळवा. आसपास इमारतीचे पाडकाम चालू असेल तर फिल्टर नेहमीपेक्षा लवकर काळा पडतो, तो दर आठवड्याला उजेडात धरून पाहा. खिडकीत कबुतरांना दाणे घालू नका आणि मशीन त्या खिडकीखाली ठेवू नका, कारण कबुतरांच्या विष्ठेची व पिसांची धूळ फुप्फुसांच्या रुग्णाला फार वाईट.

मुंबईची वीज सहसा जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडून जवळपास सगळे शहर अंधारात गेले होते. बायपॅपवर अवलंबून असलेल्या रुग्णासाठी इन्व्हर्टर किंवा मशीनची बॅटरी घ्या. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बॅटरी बरीच जास्त टिकते. शिमग्याला गावी जाताना तर बॅटरी हवीच.

मशीनमध्ये ऑक्सिजन जोडायला सांगितले असेल तर आधी मशीन सुरू करायचे, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. एका खोलीच्या घरात गॅसची शेगडी आणि देवघर दोन्ही हाताच्या अंतरावर असतात. ऑक्सिजन चालू असताना समई, निरांजन, उदबत्ती आणि शेगडी विझलेली असावी. सासूबाईंनी त्यासाठी सांजवात लवकर लावून झोपण्याआधी शांत करायची पद्धत ठेवली आहे.

११. मशीन आले म्हणून इनहेलर सुटत नाही

इनहेलर वेळेवर, योग्य पद्धतीने, नंतर चूळ भरून. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टर सांगतील तशी. बिडी, सिगारेट पूर्ण बंद. वजन जास्त असेल तर ते कमी करावे. उताणे न झोपता कुशीवर झोपल्याने घशाची वाट मोकळी राहायला मदत होते.

१२. पुन्हा तपासणी, आणि भरती व्हावे लागले तर

पहिल्या महिन्यात मशीनची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. ते तीन गोष्टी पाहतात : रात्री किती तास वापर झाला, हवा किती गळली आणि मशीन लावूनही एएचआय किती उरला. तो साधारण ५ च्या खाली आलेला असावा. बायपॅपच्या रुग्णाची एबीजीही पुन्हा करावी लागते; अण्णांचा कार्बन डायऑक्साइड तीन महिन्यांनी ४९ वर आला होता. ते आता सकाळी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

सकाळी न उतरणारी गुंगी, असंबद्ध बोलणे, ओठ निळे पडणे, पायांची सूज अचानक वाढणे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नका. मशीन चालू असताना छातीत एका बाजूला एकाएकी कळ येऊन दम वाढला तर मशीन काढून तातडीने रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

भरती करताना मशीन, मास्क आणि वायर एका पिशवीत घालून बरोबर न्या. मोतीबिंदूची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप अ‍ॅप्निया असल्याचे आधी सांगा. कॅज्युअल्टीमध्ये गडबडीत रुग्णाला भरपूर ऑक्सिजन लावला जाण्याची शक्यता असते, म्हणून आम्ही मशीनच्या पिशवीला प्लॅस्टिकमध्ये घातलेले एक कार्ड शिवले आहे. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले आहे : सीओपीडी आणि स्लीप अ‍ॅप्निया, कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन ८८ ते ९२ राखावा, रात्री बायपॅप, खाली दोन्ही प्रेशरचे आकडे आणि माझा मोबाइल क्रमांक.